साखरेवाचून नाताळ

लग्नाआधी आमच्या ह्यांनी एकच अट सांगितली होती आणि ती मी नीट ऐकली नव्हती. हे उत्रोलीच्या मिशन शाळेत मास्तर. शाळेतल्या मुलांच्या घरी जे नाही, ते मास्तरांच्या घरी असायचं नाही, ही ती अट. म्हणजे चहाला गूळ, दिव्याला करंजाचं तेल, बसायला घोंगडं. मी पुण्याच्या ख्रिस्ती घरातली, कपबशांत वाढलेली. "ज्यांना प्रभूचं सांगायचं, त्यांच्याहून उंच बसून कसं सांगू?" असं हे म्हणत आणि मी भांडी आपटत असे. त्यात प्रेषितांचा दाखला दिला की माझं डोकं जास्तच फिरे. बारा वर्षांत माहेरच्यांना मी एकदाही घरी बोलावलं नाही. नाताळाला आम्हीच पुण्याला जायचो.

लढाईच्या दिवसांत दादाचं पत्र आलं. पुण्यात साखर मिळत नाही, रॉकेल मिळत नाही, यंदा आम्ही सगळे तुझ्याकडेच येतो. आता वहिनीसमोर अब्रू जाणार, एवढंच मला दिसत होतं.

ह्यांना न सांगता मी भोरहून वशिल्यानं शेरभर साखर पैदा केली आणि नाताळाच्या आदल्या दिवशी चुलीवर केक करायला बसले. डब्याखाली निखारे, झाकणावर निखारे. वरून कोळसा झाला, आतून लगदा. सगळी साखर गेली. मी तिथेच डोळ्यांना पदर लावून बसले. धूर बघून शेजारीण आत आली.

"मास्तरीणबाई, घरात नवा तांदूळ हाय, नवा गूळ हाय, आन् रडताय कशापायी? घावनं घाला की."

दुसरा काही इलाजच नव्हता. संध्याकाळी दादा, वहिनी, पोरं अशी पुण्याची मंडळी येऊन पोचली.

नाताळाची उपासना झाल्यावर पानं मांडली. ह्यांनी रोजचीच दोन वाक्यांची प्रार्थना केली, सण म्हणून एक शब्द जास्त नाही. मग घावनं आणि गुळवणी. पोरांनी गुळवणी वाट्यांनी प्यायली. वहिनीनं तिसऱ्यांदा पान पुढे केलं. आदल्या रात्रीपर्यंत रॉकेलच्या रांगांचं रडगाणं गाणारा दादा गप्प बसून जेवत होता. शेवटी हात चाटत म्हणाला, "तुमच्याकडे लढाई आलीच नाही की काय गं?"

ह्यांनी मान खाली घातली. बढाई मारणं ह्यांच्या रक्तात नव्हतं, माझ्या होतं.

"आली असेल," मी म्हटलं, "पण आमच्याकडून न्यावं असं तिला काही सापडलं नाही."

बोलले आणि ऊर भरून आला. बारा वर्षं ज्या अटीशी भांडले, तिच्याच बाजूनं मी उभी होते, आणि देवाशपथ, कुठल्याही राणीला झाला नसेल एवढा मला आनंद झाला. ह्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि आणखी एक घावन मागितलं.

पुढच्या नाताळाला पुण्याला पत्र मीच घातलं. सगळे या म्हटलं, पण साखर आणलीत तर दारातून परत पाठवीन.