ठणठणीत सुजितचं दुखणं

चंद्राकाकू बशीतून चहा प्यायच्या, हिंदीत भांडायच्या, रडायच्या मात्र मराठीत. झाशीला बदलून आलेल्या मराठी घरांत त्या पदर डोळ्यांना लावत, "आपली माणसं म्हणून सांगते, आमच्या सुजितच्या किडन्या गेल्या हो!" आणि मदत घेऊन येत.

अशाच एका घरातल्या मेघनाच्या बाबांनीही मदत दिली होती. मेघनाने ते आपल्या ठणठणीत मित्राला, सुजितलाच सांगितलं. दोघं तडक सुजितच्या घरी आले.

"मम्मी, मैं मर रहा हूँ क्या?"

"शुभ बोल, मेल्या!" म्हणत काकूंनी मीठमोहऱ्या मुठीत घेतल्या. थाप खरी ठरू नये म्हणून त्या दरवेळी सात वेळा ओवाळून लेकाची दृष्ट काढत.

माया खरी होती, म्हणूनच मेघनाला जास्त शिसारी आली.

काकूंनी तिसऱ्यांदा ओवाळताच सुजित त्यांचा हात झटकून निघून गेला. सातांपैकी चार वेळा ओवाळायचं तसंच राहिलं.