पडद्यावरचा डॉक्टर

माझं सगळं डॉक्टरी शिक्षण नाशिकच्या थेटरांत झालं. तेही पुढच्या बाकांवर, मान वर करून. कॉलनीतल्या बायका रविवारी तीनच्या खेळाला निघाल्या की मी त्यांच्या मागं. बायकांच्या खिडकीवर घुसून तिकिटं काढण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. मेंदूबद्दल मला जे काही कळलं ते तिथंच. जिन्यावरून पडलं की माणूस सगळं विसरतो आणि शेवटच्या रिळात पुन्हा डोक्याला लागलं की त्याला आई आठवते. वाईट बातमी कानावर पडली की चांगली शिकलेली बाई केस मोकळे सोडून हसत सुटते. मग पांढऱ्या कोटातला डॉक्टर येतो, चष्मा काढतो आणि सांगतो, हिला जबर धक्का बसलाय. झालं निदान! ना नाडी बघणं, ना काही.

हे हसण्यावारी न्यायचं सोडून मी घरी आणलं आणि आमच्या घराची वाट लावली.

सत्तरच्या दशकातली मधली वर्षं. मी चौदाची, धाकटा भाऊ नऊचा. वडील, म्हणजे आमचे दादा, नगरपालिकेच्या शाळेत मास्तर. छडीसाठी प्रसिद्ध, आणि घरातही हात सैल. एका गुरुवारी धाकट्यानं शाळेच्या वाचनालयाचं पुस्तक हरवलं आणि वर खोटं बोलला, म्हणून दादांनी त्याच्या कानाखाली दोन लगावल्या. रविवारी सकाळी तो मोरीत दात घासताना आडवा झाला. हातपाय ताठ, डोळे वर, तोंडाला फेस, चड्डी ओली. शेजारच्या मावशी कांदा फोडून धावत आल्या, कुणी चप्पल हुंगवली. आई नुसती त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

मावशींचं माहेर पेठ तालुक्यातलं. तिकडचा एक भगत लय गुणाचा हाय, एका उताऱ्यात पोरगं मोकळं होईल, असं त्या म्हणाल्या. दादांनी हात जोडून नाही म्हटलं. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा घरातले देव गंगेत, म्हणजे आमच्या गोदावरीत, सोडले होते. अंगारा, उतारा, गंडा असलं काही आमच्या उंबऱ्याच्या आत यायचं नाही, याचा दादांना फार अभिमान. मलाही होता, अजून आहे. ते पोराला सरळ मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी पांढऱ्या गोळ्या दिल्या आणि एकही दिवस चुकवू नका म्हणाले. का झालं, ते काही सांगितलं नाही. रांग मोठी होती.

आता भगत असता तर त्यानं कारण दिलं असतं. कुठलं तरी झाड, कुणाची तरी नजर. आमच्याकडे ते सांगणारं कुणीच उरलं नव्हतं, आणि कारण कळल्याशिवाय माणसाला घास गोड लागत नाही. ती रिकामी जागा मी भरली. पुढच्याच रविवारी मी एक सिनेमा पाहून आले होते. जेवताना, कुणी विचारलेलं नसताना, मोठ्या शहाणपणानं म्हणाले, "धक्का बसल्याशिवाय मेंदूला असं होत नाही. डॉक्टर लोकच सांगतात."

आईचा भाकरी थापणारा हात थांबला. तिनं दादांकडे पाहिलं.

"त्या गुरुवारी तुम्हीच हाणलं ना त्याला," ती म्हणाली.

दादांच्या ताटात अर्धी भाकरी होती, ती तशीच ठेवून ते हात धुवायला उठले. भगताला आम्ही दारात उभं केलं नाही, पण पडद्यावरच्या डॉक्टरला पाट टाकून बसवलं. का, तर त्याच्या अंगावर कोट होता.

त्या दिवसापासून दादांनी धाकट्यावर हात उगारला नाही. हे ठीकच, म्हणाल तुम्ही. पण त्यांनी आवाजही उगारला नाही. शाळेतली छडी कपाटात गेली. पोरं डोक्यावर बसली, बाकीचे मास्तर टर उडवायचे, दादा ऐकून घ्यायचे. घरात तर कायदाच झाला, की याला दुसरा धक्का बसता कामा नये. विंचूरची आजी वारली, तर पंधरा दिवस त्याला सांगितलं नाही. आई रडायची ती चुलीच्या धुराच्या नावाखाली. तो गणितात नापास झाला, दादा म्हणाले, असू दे. त्यानं रागानं माझी वही फाडली, तरी मलाच गप्प बसवलं. दादा त्याच्याशी पाहुण्याशी बोलावं तसं बोलायचे, जपून, दोन शब्द. त्याच्या अंगाला हात लावायचीही त्यांना भीती बसली. फिट आली की धावायची ती आई किंवा मी. दादा दाराशी उभे राहायचे, हात मागं बांधून.

आणि फिट तर येतच होत्या. गोळ्यांनी कमी झाल्या, गेल्या नाहीत.

मला अक्कल कधी आली? कॉलेजात असताना कधीतरी. थेटरात हिरोच्या डोक्यात काठी बसली, त्याला सगळं आठवलं आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या, तेव्हा माझ्या अंगाची आग आग झाली. या सिनेमावाल्यांच्या वेड्यांची चड्डी कधी ओली होत नाही, जीभ कधी चावली जात नाही, एवढं मला तोवर दिसलं नव्हतं. मी मधूनच उठून घरी आले. वाटलं, आज सांगायचं दादांना. पण सांगणार काय? धक्क्यानं झालं नाही, तर मग कशानं? माझ्याकडे दुसरं कारण नव्हतं. आणि खरं सांगू? मला भीती वाटली. जीभ उचलून टाळ्याला लावायला काही लागत नाही, बोललेलं परत घ्यायला मात्र फार लागतं. मी गप्प बसले, वर्षानुवर्षं.

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं आली. दादा नुकतेच रिटायर झालेले, मला नोकरी लागलेली. डोक्याचा आतला फोटो काढणारं मशीन मुंबईत आहे असं कळलं, आणि मी हट्टानं दादांना आणि धाकट्याला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका दाखवला. लहानपणी कधीतरी न धुतलेल्या भाजीतून कृमीचं अंडं पोटात गेलं, तिथून मेंदूत, तिथंच मेलं. त्याचा हा वण.

दादांनी विचारलं, "मारल्यामुळे नाही?"

"मास्तर, मारण्यानं असं होत असतं तर अर्धा महाराष्ट्र फिट येऊन पडला असता," डॉक्टर म्हणाले.

दादांनी मान हलवली आणि थोड्या वेळानं तेच पुन्हा विचारलं.

परतताना घोटीला एसटी चहासाठी थांबली. धाकटा खाली उतरला होता. मी दादांना सगळं सांगितलं. ते डॉक्टर लोक म्हणजे सिनेमातले होते, मी तोंडाला येईल ते बोलले होते, आई उगाच तुम्हाला बोलली. मला रडू फुटलं. दादा खिडकीतून बाहेर बघत होते.

"तू पोर होतीस," ते म्हणाले. "मी मास्तर होतो ना."

मला वाटलं होतं, आता घर मोकळं होईल. आईनं तर फोटोचं ऐकून दादांसमोर कान पकडले. दादा नुसते बरं म्हणाले.

आठवडाभरानं धाकट्यानं दादांची सायकल काढली. सायकल, विहीर आणि विस्तव, या तिन्ही गोष्टी त्याला डॉक्टरांनी सक्त मना केलेल्या. बावीस वर्षांचा घोडा, भर उन्हात कुणाला न सांगता गंगापूर धरणापर्यंत जाऊन आला. दोन-अडीच तास आमच्या जिवाला घोर. आईनं पदर तोंडात धरलेला, दादा रस्त्यावर उभे. तो आला, सायकल भिंतीला लावली आणि दादांच्या पुढ्यात उभा राहिला. घामानं निथळत होता.

"मुद्दाम गेलो होतो," तो म्हणाला. "आता तरी रागवा ना, दादा."

आईनं दादांकडे पाहिलं, मी पाहिलं. त्यांचा चेहरा लाल झाला, ओठ हलले. मी मनात म्हणत होते, बोला, शिव्या द्या, एक ठेवून द्या.

"दमला असशील," दादा म्हणाले. "बस. पाणी पी."

धाकटा उंबऱ्यात बसून लहान पोरासारखा रडायला लागला. दादा त्याच्यापासून हातभर अंतरावर तांब्या धरून उभे राहिले.