तोहोकूचा उत्तम आठवडा

आयर्लंडमधल्या आमच्या डंडॉक गावात उल्हास हरदासइतकं जपान कुणाला पाठ नाही. गडी तिथे कधी गेलेला नाही, ही गोष्ट वेगळी. पैशांच्या ऑनलाइन व्यवहारांच्या कंपनीत संशयास्पद व्यवहार हुडकायचं त्याचं काम. त्यामुळे स्वस्त तिकीट दिसलं की त्याला आनंद होत नाही, वास येतो.

त्याच्या बायकोला, सरिताला, जपानचा उत्तरेकडचा तोहोकू प्रदेश चारही ऋतूंत बघायचा होता. नागपूरच्या उन्हात भाजलेली आणि नंतर आयर्लंडच्या पावसात भिजत घातलेली बाई. ऋतू बदलतात म्हणजे काय होतं, ते तिला बघायचं होतं.

"एप्रिलअखेर हिरोसाकीत चेरी फुलते," उल्हास पाहुण्यांना सांगायचा. "ऑगस्टमध्ये आओमोरीच्या कंदिलांच्या मिरवणुका. ऑक्टोबरात ओइरासेच्या ओढ्याकाठी लाल पानं. आणि फेब्रुवारीत झाओच्या डोंगरावर बर्फाने अक्षरशः राक्षस झालेली झाडं!"

पाहुण्यांचा चहा गार व्हायचा. सरिता विचारायची, "मग कधी जायचं?"

"बघू," हा म्हणायचा. अशी कित्येक वर्षं.

मग सरिताला जिन्याच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या. पुढे शेजारी बसलेला माणूसही. डब्लिनच्या डॉक्टरांनी सांगितलं, नजर कडेकडून मिटत चालली आहे, उपाय नाही. मधलं किती टिकेल, सांगता येत नाही. बघायचं ते लवकर बघून घ्या.

कुठल्याही शहाण्या माणसाने त्याच आठवड्यात तिकिटं काढली असती. आमचा उल्हास शहाणपणाच्या पलीकडचा.

"अरे, हे तिचं शेवटचं बघणं," तो मला म्हणाला. "त्यात डावं-उजवं कसं चालेल?"

चेरी यंदा लवकर ओसरणार असा अंदाज आला, वसंत रद्द. मिरवणुकीच्या गर्दीत तिला धक्के लागतील, उन्हाळा रद्द. लाल पानांच्या वेळी वादळाची शक्यता निघाली.

"डॅड, जस्ट बुक इट, विल यू?" त्यांची मुलगी रेवा ओरडली.

"उत्तम आठवडा तर सापडू दे, बेटा."

"मला उत्तम नकोय रे," सरिता म्हणाली. "अर्धवट लाल पानंसुद्धा चालतील."

शेवटी त्याने फेब्रुवारीची तिकिटं काढली. आम्ही पेढे वसूल केले. सरितासाठी त्याने बर्फातले बूट आणले, एवढे अवजड की ते घालून ती चंद्रावरही गेली असती.

जानेवारीतल्या एका सकाळी सरिताने विचारलं, "अजून उजाडलं नाही?"

हिवाळ्यात इथे उशिरापर्यंत अंधार असतो. हा प्रश्न घरोघरी रोजचाच. फक्त तेव्हा स्वयंपाकघरात ऊन आलं होतं. आयर्लंडात, जानेवारीत, लख्ख ऊन.

पुढच्या रविवारी मी गेलो, तेव्हा उल्हास तिला झाओ सांगत होता.

"झाडं सगळी पांढरी असतात."

"कशी पांढरी?"

"म्हणजे... छान पांढरी."

"एवढं वाचलंस, आणि छान?" ती हसली. मला हसता आलं नाही.

"मी शिकेन सांगायला," तो म्हणाला. "सगळं सांगेन. जायचं ना गं आपण?"

सरिता मांडीवरच्या बुटाची नाडी चाचपत होती. ती तिने ओढली, सोडली, पुन्हा ओढली.

"बघू," ती म्हणाली.