टोपणातलं कुंकू

गार्डमामांच्या अॅम्बॅसिडरमध्ये बसलं की आधी तोंड मिटावं लागे. किल्ली फिरवून इंजिन सुरू झालं, की मामा उजव्या हाताचं बोट वर करत, डोळे मिटत आणि म्हणत, "ऐका!" मागच्या सीटवर नवरी असो नाहीतर बाळंतीण, इंजिनाचा सूर लागल्याची त्यांची खात्री झाल्याशिवाय गाडी जागची हलत नसे. रेल्वेत गार्ड म्हणून उभा जन्म गेला, आता झेंडा नाही म्हणून बोट दाखवतात, असं मामी म्हणत.

मी दौंडच्या शाळेत शिकवायला लागले आणि या मामा-मामींकडेच राहिले, म्हणून हे सगळं मला रोज बघायला मिळे. ती जुनी गाडी त्यांनी एका बदली झालेल्या साहेबाकडून घेतली होती. दर रविवारी बॉनेट उघडून ते गल्लीला धडा देत. डिस्ट्रिब्यूटरच्या दोन्ही क्लिपा सटासट काढून त्याचं काळं टोपण उचलत आणि सांगत, "हितनं ठिणगी वाटली जाती. गाडीचा समदा जीव ह्या टोपणात हाय बघा." मामी ओट्यावर लसूण सोलत बसलेल्या असत. त्यांचं तिकडे लक्ष नसतं असं मला वाटायचं.

गाडीला हात लावायचा मान दादू मिस्त्रीचा. त्याचं गॅरेज आधी दौंडलाच होतं. रांजणगावला कारखाने आले, तशी गाड्यांची वर्दळ तिकडे वाढली आणि तो शिरूरला गेला. मामा त्याच्यामागे शिरूरला जाऊ लागले. नुसते गेले नाहीत, रेल्वेतले आपले सगळे दोस्तही त्याला गिऱ्हाईक म्हणून जोडून दिले. "दादू म्हंजी सोनं हाय," असं ते छातीठोकपणे सांगत.

एका वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी दादूने नवं टोपण बसवून, ट्यूनिंग करून गाडी दिली. दसऱ्याला सकाळी मामा आंघोळ करून येईपर्यंत मामींनी गाडीची पूजा उरकली होती. संध्याकाळी सोनं वाटायला निघालो, तर गाडी मिसिंग मारायला लागली. उभ्या उभ्या थरथरे, वेग घेताना धक्के देई. पुढचे कितीतरी दिवस मामांनी दुसरा उद्योग केला नाही. प्लग काढून काजळी खरवडली, कार्बोरेटर उघडून जेटची बारीक भोकं फुंकली, पेट्रोलची नळी धुतली. टोपण तेवढं दादूने नुकतंच बसवलेलं, म्हणून त्याला ते शिवले नाहीत; रविवारचा धडाही बिघाड सापडेपर्यंत बंद होता.

मग त्यांच्या डोक्यात नको ते शिरलं. स्टेशनाबाहेरच्या चहाच्या टपरीवर ते चारचौघांत बोलून गेले, "दादूनं माझा अस्सल कार्बोरेटर काढून घेतला आन् भंगारातला बशिवला. चोर निघाला." बोलणं टपरीवर राहत नाही. त्यांचेच दोस्त एकेक करून दुसऱ्या गॅरेजला जाऊ लागले.

एका रविवारी मामांनी कंटाळून ते टोपण काढलं. मी शेजारीच उभी होते. आत हळदीकुंकवाचा लगदा वाळून चिकटला होता आणि त्यात तांदळाचा एक दाणा होता. ठिणगी प्लगकडे जायची सोडून त्या लगद्यातच भरकटत होती. क्लिपा कशा काढायच्या, हे मामींना कुणी शिकवलं, हे आम्हा दोघांनाही विचारावं लागलं नाही. मामांनी फडक्याने टोपण पुसलं. किल्ली फिरवली, तर इंजिन लोण्यासारखं चाललं. त्यांनी बोट वर केलं नाही. बंद करून ओट्यावर येऊन बसले आणि एवढंच म्हणाले, "तिला सांगू नकू. तिनं भक्तिभावानं केलं. चोर म्हनालो ते मी."

त्याच दिवशी आम्ही शिरूरला गेलो. दादू एका टेंपोखालून बाहेर आला. मामांनी हात जोडले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हितं नका सांगू, साहेब. जिथं बोललाव, तिथं सांगा." आजवर तो त्यांना मामा म्हणत आला होता.

दुसऱ्या दिवशी मामा टपरीवर उभे राहिले. "दादूचा काय बी दोष न्हाई. पूजेला टोपणात कुंकू म्याच भरलं," असं मोठ्याने म्हणाले. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून दौंडात त्यांना 'कुंकूवाले गार्ड' हे नाव पडलं. बायका मामींना चिडवत, मामीही पदर तोंडाला लावून हसत. मी सगळं जाणून गप्प राही आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होई. गेलेली काही गिऱ्हाइकं दादूकडे परत आली, काही आलीच नाहीत. मामा मात्र गाडीत काही बिघाड नसताना शिरूरला जात. दादू बॉनेट उघडून ऐके, "ठणठणीत हाय, साहेब," म्हणे, चहा पाजी. रविवारचे धडे त्यांनी पुन्हा सुरू केलेच नाहीत.

मामा गेले, त्या वर्षीच्या दसऱ्याला मी गाडी धुतली. मामींनी पूजेचं ताट आणलं आणि माझ्या हातात दिलं. आता त्यांनी स्वतः कुंकवाला हात लावायचं सोडलं होतं.

"तू लाव गं. पन वरनंच लाव. टोपन उघडू नकू."

"मामी, तुम्हाला माहीत होतं?"

"त्याच दिशी कळलं. ते लाल फडकं म्याच तर धुतलं." त्या बॉनेटवरून हात फिरवत राहिल्या. "माझ्यापायी समदं दौंड त्यास्नी हसलं. आन् त्यांच्यात म्या बी हसले."