घरच्या साखरपुड्याचा फोटोग्राफर

निवृत्त झालो तेव्हा लेकीने मला कॅमेरा भेट दिला, आणि खोकं उघडायच्या आधी मी फोटोग्राफीचं पुस्तक विकत आणलं. यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही. नोकरीची सगळी वर्षं मी सरकारी कार्यालयात हेडक्लार्क होतो. परिपत्रक हातात पडल्याशिवाय पेन उचलायचं नाही, ही सवय अंगात भिनलेली. समोर माणूस रडत उभा असला तरी आधी नियम कुठल्या पानावर आहे ते बघणार, असा मी. तेव्हा कॅमेरा खोक्यात आणि पुस्तक हातात, अशी माझी फोटोग्राफी सुरू झाली.

पुस्तक चांगलं जाडजूड होतं. मी त्यात लाल-निळ्या पेन्सिलीने रेघा मारल्या, महत्त्वाच्या पानांना चिठ्ठ्या चिकटवल्या. 'सुरुवात स्थिर वस्तूंपासून करा' असं लिहिलं होतं, म्हणून खिडकीत वांगी मांडली.

"अहो, ती वांगी द्या इकडं. भाजी टाकायचीय," बायको म्हणाली.

"थांब जरा. प्रकाश आत्ताच डावीकडून आलाय."

त्या दिवशी आम्ही पिठलं खाल्लं. दुसऱ्या दिवशी शेंगाचटणीचा फार जवळून फोटो काढला आणि अभिमानाने शेजाऱ्यांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "कुठल्या रानातली माती म्हणायची ही?"

मग हलत्या वस्तूंचं प्रकरण आलं. धावत्या वाहनावर कॅमेरा रोखायचा, त्याच्याबरोबर कमरेतून वळायचं आणि वळता वळता बटण दाबायचं. सात रस्ता चौकात एक रिक्षा हेरून मी पुस्तकात सांगितल्याप्रमाणे वळलो आणि माझं कोपर केळीच्या गाड्यात गेलं. "चाचा, देखके घूमो ना," गाडेवाला कळवळून म्हणाला. पडलेली केळी मी विकत घेतली. फोटोत रिक्षा आलीच नव्हती. रस्ता मात्र छान आला होता.

इथवर नुकसान केळी-वांग्यांपुरतं होतं. घात केला तो धूसर पार्श्वभूमीच्या प्रकरणाने. कॅमेऱ्याच्या भिंगातलं छिद्र मोठं केलं की एकच गोष्ट लख्ख दिसते आणि मागचं सगळं विरघळून जातं. 'सामान्य माणूस सगळंच दाखवतो, कलावंत एकच दाखवतो,' असं त्यात छापलेलं होतं. छापलेलं! मी त्याखाली दोनदा रेघ मारली. आपण सामान्य नाही हे इतक्या उशिरा कळल्याचं वाईटही वाटलं.

त्याच सुमारास लेकीचा साखरपुडा ठरला, सोलापुरातच. मी जाहीर केलं की फोटो मी काढणार, बाहेरचा माणूस बोलवायचा नाही. लेक हसली आणि हो म्हणाली. बायको मात्र हसली नाही. तिची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, मोडनिंबला असतात. खुब्याच्या ऑपरेशननंतर त्यांना प्रवास करायची परवानगी नव्हती. आम्ही दोघंही नोकरीला, त्यामुळे लेक शाळेत जायची होईपर्यंत त्यांच्यापाशीच वाढली होती. तिचं पहिलं पाऊल त्यांनी पाहिलं, आम्ही नाही. अशा बाईला नातीचा साखरपुडा चुकणार होता आणि त्यांनी त्याबद्दल तक्रारीचा एक शब्द काढला नव्हता, म्हणून बायकोला जास्तच लागलं होतं.

"मला तुमची कला नको," ती म्हणाली. "आईला घरी बसून वाटलं पाहिजे, आपण तिथं होतो. एवढं करा."

"काही काळजी करू नको," मी म्हणालो, आणि पुस्तकातलं समारंभांचं प्रकरण काढून बसलो.

त्या प्रकरणात दोन आज्ञा होत्या. पाहुण्यांचे मोबाईल चौकटीत येऊ देऊ नका. आणि कुणालाही उभं करून फोटो काढू नका, माणसं बेसावध असताना टिपा. पहिल्या आज्ञेसाठी मी मंगल कार्यालयातला माईक हातात घेतला आणि मुलीचा बाप या नात्याने सर्वांना मोबाईल खिशात ठेवायची नम्र विनंती केली. मुलीच्या बापाचं कोण मोडणार? सगळ्यांनी ठेवले.

दुसऱ्या आज्ञेची गाठ आहेराशी पडली. आमच्याकडे आहेर कॅमेऱ्याच्या साक्षीनेच होतो. देणारा टॉवेल-टोपी पुढे करतो, घेणारा तिला हात लावतो, आणि दोघं तिथेच थिजून कॅमेऱ्याकडे बघतात. फ्लॅश पडला की आहेर पोचला. माझा मेव्हणा मोडनिंबहून आलेला, मुलीचा मामा, म्हणून त्याचा मान पहिला. त्याने व्याह्यांपुढे टॉवेल-टोपी धरली, व्याह्यांनी हात लावला, आणि दोघं माझ्याकडे बघत थिजले. मी ते बेसावध व्हायची वाट बघत राहिलो.

"काडा की दाजी," मेव्हणा ओठ न हलवता म्हणाला.

"तू दे ना. माझ्याकडे बघू नको."

"फोटो काडल्याबिगर कसा देनार?"

"तू दिल्याशिवाय मी कसा काढणार?"

व्याह्यांचा हात टोपीवर अवघडून गेला. मागे आहेरवाल्यांची रांग लागली. टेंभुर्णीचे एक पाहुणे, जेवण थंड होतंय म्हणून, साडीची पिशवी बायकोच्या हातात देऊन सरळ पंगतीला गेले. अखेर मेव्हण्याने वैतागून मान वळवली आणि त्या बेसावध क्षणी मी बटण दाबलं. फोटोत टॉवेलची किनार अशी आली होती की धागा न् धागा मोजावा. मामा आणि व्याही विरघळले होते.

रात्री पुस्तकाच्या सल्ल्याने 'दर्जाहीन छायाचित्रं मोह न ठेवता पुसून टाकली.' म्हणजे ज्यात माणसं ओळखू येत होती ती. उरलेली कुणालाही न दाखवता सात रस्त्याजवळच्या दुकानात छापायला दिली. दुकानदाराने ती पडद्यावर पुढेमागे करून पाहिली आणि विचारलं, "काका, माणसांचे वेगळे आणून देणार का?" मला त्याची कीव आली.

अल्बम घेऊन आम्ही दोघं मोडनिंबला गेलो. सासूबाई खाटेवर उशीला टेकून बसलेल्या. त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि पहिलं पान उलटलं.

"ह्ये काय हाय?"

"मेंदीचा हात," मी म्हणालो.

"कुनाचा?"

"आपल्या पोरीचा की."

"आन् पोरगी कुटं हाय?"

"मागं आहे. ती... धूसर ठेवलीय."

त्यांनी पुढचं पान उलटलं. टॉवेलची किनार. मग हळदीकुंकवाचं ताट, अंगठीवरचा चकाकणारा खडा, एका झेंडूवरचं पाणी. सासूबाई प्रत्येक फोटोच्या धूसर भागावर बोट फिरवत होत्या, काच पुसल्यासारखं, म्हणजे मागचं माणूस बाहेर येईल. शेवटचं पान झालं. त्यांनी अल्बम मिटला आणि मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या, "फुलं लई झ्याक हायत, जावईबापू."

बायको उठून आत गेली. भांडली असती तर सुटलो असतो. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि त्या लाजेवर शेरा मारायला कुठला वरिष्ठही नव्हता. मी लेकीला फोन लावला.

पुढच्या रविवारी मोडनिंबला सासूबाईंच्या अंगणात साखरपुडा पुन्हा झाला. व्याही भला माणूस. तोच टॉवेल घडी घालून परत घेऊन आला, टोपी तर डोक्यावरच होती. ती काढून त्याने मेव्हण्याच्या हातात दिली आणि मेव्हण्याने ती त्यालाच आहेर केली. दोघं थिजले. मी ताबडतोब बटण दाबलं. मग शाळेच्या ग्रुप फोटोसारखी सगळ्यांची रांग लावली, उंच मागे, बुटके पुढे, कानापासून कानापर्यंत सगळे लख्ख. कला कुठेही नाही.

शेवटी सासूबाईंचा आहेर. त्यांना खुर्चीत बसवलं होतं. इतके दिवस पेटीत जपून ठेवलेली इरकली साडी त्यांनी नातीच्या हातात ठेवली. नात साडी धरून कॅमेऱ्याकडे बघत थिजली. सासूबाई थिजल्या नाहीत. त्यांनी तिचा चेहरा दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवला, गालांवरून हात उतरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. मग तिला नुसतं बघत राहिल्या.

"काडा की दाजी!" मेव्हणा ओरडला. पण मला त्या छोट्या चौकटीतून काही दिसेना. डोळे भरून आले होते. पुसून परत बघेपर्यंत लेक आजीच्या मांडीवर डोकं ठेवून रडत होती आणि साडी खाली घसरली होती.

"फोटो राहिला," मी कसाबसा म्हणालो. "आई, तेवढी साडी पुन्हा एकदा द्याल का?"

"ऱ्हाऊ द्या जावईबापू," सासूबाई नातीच्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या. "माज्यासाटीच काडत हुता न्हवं? म्या तर हितंच हाय की."