वॉर्डातला कापूस

बाभूळगाव तालुक्यातल्या एका दवाखान्यात मी डॉक्टर म्हणून नुकतीच रुजू झाले होते. एका दुपारी एक शेतकरी बायकोला ऑटोतून घेऊन आला. बाई पन्नाशीची. तोंडातून लाळ, अंग घामानं निथळलेलं, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. छातीत खरखर वाजत होती.

"औषध लागलं हिले," तो म्हणाला. फवारणीच्या जहराला इकडं औषधच म्हणतात. सकाळी तिनं ते बादलीत हातानं ढवळलं, थोडं लुगड्यावर सांडलं आणि ती तशीच काम करत राहिली. त्यानं रिकामा डबा आठवणीनं आणला होता, हे फार बरं केलं.

विषबाधेवरचं प्रकरण मला पाठ होतं, असा पेशंट मात्र पहिलाच. आमच्या वयस्क सिस्टरांनी ऑक्सिजन लावला, लाळ ओढून काढली आणि म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही ॲट्रोपिन द्या. मी लुगडं काढून आंग धुतो. कातडीतून जहर अजून आत जाऊन राह्यलं."

मी त्या उताऱ्याचं इंजेक्शन दिलं. दर पाच मिनिटांनी छाती ऐकायची, खरखर असली की आधीच्या दुप्पट डोस. पाचव्या वेळी छाती स्वच्छ वाजली, नाडी वर आली. मग ठरावीक वेगानं सलाईनमधून ॲट्रोपिन सुरू ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा धावत आला. "मॅडम, हे भलतंच करून राह्यली."

बाई पलंगावर बसून हवेतून काहीतरी वेचत होती आणि ओटीत टाकत होती. मी नाडी बघायला हात धरला, तर खेकसली, "माह्या पातीत कायले आली वं? तू तुही पात धर."

पात म्हणजे कापसाची ओळ. ती वॉर्डात कापूस वेचत होती! अंग तापलेलं, तोंड कोरडं. उतारा जास्त झाल्याची ही लक्षणं. मी सलाईन थांबवलं आणि नवऱ्याला सांगितलं, "घाबरू नका, औषधाचा अंमल आहे. उतरेल."

"कोणत्या औषधाचा?" त्यानं विचारलं.

"माझ्या," मी म्हणाले. सिस्टर तोंडाला पदर लावून हसल्या.

अंमल उतरल्यावर कमी वेगानं पुन्हा सुरू केलं. या जहरानं मानेचे स्नायू नंतरही दुबळे पडू शकतात, म्हणून रोज तिला उशीवरून डोकं उचलायला लावायचे. पाचव्या दिवशी ती डोकं ताठ उचलून वैतागली. "मान पाह्यतं का माही? घरी जाऊ दे न आता." तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

थंडीत ती गुडघा दाखवायला आली, सोबत नवरा आणि उकडलेल्या तुरीच्या शेंगा. नवऱ्याकडं बोट करून म्हणाली, "आता हेच ढवळते, काडीनं. हातमोजे घालून." नवरा मान खाली घालून हसला. शेवटचा पेशंट गेल्यावर सिस्टर धरून आम्ही चौघांनी टेबलावरच शेंगा सोलल्या.