मगनने व्हॉल्व्हला ब्रेक बसवला

रनाळ्याच्या मगनला माणसांच्या तब्येतीची चौकशी कधी सुचत नाही, इंजिनाच्या तब्येतीची मात्र न चुकता सुचते. भाचीच्या साखरपुड्यात तो मांडवात दिसेना म्हणून कमलबाई शोधायला गेल्या, तर नवरोबा जनरेटरपाशी उकिडवे बसलेले.

"येना टॅपेट ढिला शे," तो कळवळून म्हणाला. "बिचारं कव्हयनं कण्ही ऱ्हायनं."

मगनची पिठाची गिरणी आहे. वीज असली की मोटरवर चालते, नसली की जुन्या डिझेल इंजिनावर. त्या इंजिनाच्या डोक्यावर दोन रॉकर सारखे वरखाली होतात. एक हवा आत घेणारा व्हॉल्व्ह दाबतो, दुसरा धूर सोडणारा. कमलबाईंना ते भजनात माना डोलावणाऱ्या दोन म्हाताऱ्यांसारखे वाटत. चांगले होते बिचारे. पण मगनने मोबाईलवर पाहिलं की नव्या गाड्यांचे व्हॉल्व्ह कामाच्या भाराप्रमाणे कमीजास्त उघडतात. तेव्हापासून त्याचं जेवणात लक्ष राहिलं नाही.

"माणूस झोपमा आनि पोतं उचलताना सारखाच श्वास लेस का?" त्याने विचारलं. "मंग आपला इंजिननी काय पाप करेल शे?"

"आपलं इंजिन पोतं उचलत नही," कमलबाई म्हणाल्या. "दयन दयस. दयू द्या तेले."

पण कोण ऐकतो? आधी त्याने व्हॉल्व्हला स्कूटरच्या सीटच्या स्प्रिंगा बसवल्या. इंजिन असं उड्या मारू लागलं, की दळणाला आलेल्या बायका डबे घेऊन ओट्याखाली उतरल्या. त्या काढल्यावर श्रावण लागला, आणि कमलबाईंनी त्याला देवापुढे उभं करून वदवून घेतलं, की कानबाईचा सण होईपर्यंत इंजिनाला हात लावणार नाही.

त्याला कारणही तसंच होतं. यंदा त्यांच्या घरी कानबाई देवी बसणार होती. सगळ्या भावबंदांचा रोट, म्हणजे देवीचा नैवेद्य, त्यांच्याकडे. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे, शनिवारी गिरणी धुऊन त्यावर फक्त रोटाचंच दळण दळायचं, आणि त्याच पिठाच्या पुरणपोळ्या रविवारी देवीपुढे ठेवायच्या. दुसऱ्या पिठाची पोळी चालत नाही. एका नावाची पोळी जरी कमी पडली तरी तो माणूस वर्षभर तोंड फुगवून बसतो, आणि कमलबाईंचा जीव तर देवीच्या भयानेच अर्धा होतो.

शनिवारी सकाळी नेमकी वीज गेली. बायका न्हाऊनधुऊन, टोपल्यांत गहू घेऊन ओट्यावर बसल्या. सगळ्यांत पुढे भावबंदांतल्या सर्वांत वडील जमनामाय. पहिला मान देवी बसते त्या घराचा, म्हणून कमलबाईंचे गहू वर ओतले गेले. आणि मगनने इंजिनावरचा पडदा ओढून बाहेर सायलेन्सरच्या नळीवर टाकला.

रॉकरच्या वर सायकलचा ब्रेक बसवलेला. मुठीपासून वायर थेट व्हॉल्व्हपर्यंत.

"आवो!" कमलबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं. "तुम्ही देवीपुढे काय बोलना व्हतात?"

"मी इंजिनले हात बी नही लावा," मगन शपथेवर म्हणाला. "फक्त व्हॉल्व्हले लावा. आते दख. मूठ दाबी का व्हॉल्व्ह उघडा, इंजिन हलकं. मूठ सोडी का पुरा जोर. नवलभाऊ, मार हँडल!"

नवल शेजारी राहतो. पोट सुटलेलं, मन मोकळं, अंगात रोटासाठी शिवलेला पांढरा शर्ट. त्याने हँडल धरलं आणि फिरवू लागला. व्हॉल्व्ह उघडा धरून चांगला वेग आला की मगच सोडायचा असतो. पण नवलचा दम लवकर संपला आणि मगनचा धीर त्याच्याही आधी. मूठ सुटली. पिस्टन अर्ध्यात अडला, मागे फिरला, "भक्क" करून इंजिन चालू झालं.

चालू झालं, पण उलटं. ताण बसून वायर तुटली, त्यामुळे मूठ दाबून ते थांबवताही येईना. सायलेन्सरमधून निघायचा धूर हवेच्या फिल्टरमधून निघू लागला, आणि फिल्टरसमोर नवल उभा होता. बघता बघता शर्ट काळा, नवल काळा.

"मन्हा शर्ट! मगन, बंद कर ना रे!"

"डिझेलनी चावी तुन्हा मांगे शे, तूच कर!"

"माले दिसत नही ना! डोया भरी ग्यात!"

मगन धुरात घुसला आणि खोकत बाहेर आला. पट्टा उलटा, गिरणी उलटी, आणि तोंडातून पीठ पडायच्या जागी जाड भरड पडत होती. बायकांनी टोपल्या पदराखाली झाकल्या.

"मगन," जमनामाय ओरडल्या, "तुन्हं इंजिन कोन्ता तोंडघाई जेवस रे?"

ते ऐकून कमलबाईंनी सायलेन्सरकडे पाहिलं. भिंतीबाहेर निघालेल्या त्या नळीवर टाकलेला पडदा तिच्या तोंडात ओढला जात होता. म्हणजे इंजिन इथूनच श्वास घेत होतं. त्यांनी "आई कानबाई" म्हणत बसायचा पाट उचलला आणि नळीच्या तोंडावर दाबून धरला. इंजिन दोनदा खोकलं, एकदा हुंदकलं आणि थांबलं.

कमलबाईंनी भरडीत हात घातला. पुरणाची पोळी तर सोडाच, भाकरीही थापता येणार नाही अशी जाड.

"माय, परत दयी लिसू का?" त्यांनी विचारलं.

"नही," जमनामाय म्हणाल्या. "रोटनं दयन गिरणीनी एकदा दिनं का दिनं. ते परत वर घालानं नही."

कमलबाईंनी डोळे मिटले, हात जोडले, आणि चाळणी मागितली. मगन घामाघूम होऊन ब्रेक काढत, रॉकर होते तसे बसवत राहिला. इकडे त्या चाळत राहिल्या. चाळणीखाली पीठ इतकं हळू साठत होतं, की त्या प्रत्येक मुठीला एकेका पुरुषाचं नाव घेत होत्या. मोठे दीर, धाकटे दीर, पुतणे, तान्हा नातू. दुपार कलली. इंजिन सरळ चालू झालं, बाकीच्या बायकांची दळणं झाली, त्या घरी गेल्या. शेवटची मूठ पडली तेव्हा सगळी नावं झाली होती. फक्त मगनचं राहिलं होतं. कमलबाईंनी परातीच्या कडेला चिकटलेलं पीठ बोटाने पुसून घेतलं, आणि त्याची पोळी झाली. चांगली पापडाएवढी.

रविवारी कानबाई थाटात बसली. नवल काळ्या शर्टातच नाचला, कारण डाग निघेना.

राहिली ती चाळणीवरची भरड. रोट टाकत नाहीत, घराबाहेर कुणाला देत नाहीत. पौर्णिमेच्या आत घरच्यांनीच तो संपवायचा असतो. कमलबाईंनी ठरवलं, की घरचे म्हणजे मगन. सकाळी भरडीची लापशी, दुपारी भरडीची खिचडी, संध्याकाळी पुन्हा लापशी. तो निमूट चावतो. दाताखाली कचकच वाजते.

परवा घास चावता चावता तो मध्येच थांबला. कमलबाईंना वाटलं, आता हा माफी मागतो.

"वायर जाड पाहिजे व्हती," मगन म्हणाला.

कमलबाईंनी त्याच्या ताटात आणखी एक पळी वाढली.